शपथेवर सांगितलेला फोटो

३ फेब्रुवारी

आज चौकशी आयोगाची वकीलबाई घरी येऊन गेली. तिशीची असेल, म्हणजे देशाच्या अध्यक्षांचा खून झाला तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती. जाताना म्हणाली, "त्या दिवसाचं जे आठवेल ते थोडं थोडं लिहून ठेवा, तारीख घालून. साक्षीच्या वेळी उपयोगी पडेल." म्हणून ही वही. कपाटातून बायकोनं काढून दिली. ती आमच्याच पेपरात मुद्रितं तपासायची, त्यामुळे वही हातात देताना म्हणाली, "लिहा, पण मला वाचायला देऊ नका. चुका दिसल्या की माझा हात शिवशिवतो."

मी एकोणतीस वर्षं पेपरच्या डार्करूममध्ये काढली. फिल्म धुवायची, फोटो छापायचे. हजारो छापले असतील, पण लोक मला एकाच फोटोसाठी ओळखतात. चौतीस वर्षांपूर्वी अध्यक्ष एका सभागृहाच्या मागच्या दाराशी मोटारीतून उतरले आणि त्यांना गोळी घातली गेली. सगळे फोटोग्राफर आत व्यासपीठासमोर ताटकळत होते. आमचा एकटा बाहेर सिगारेट ओढत उभा होता. त्यानं टिपलेला तो फोटो मी छापला.

फोटो सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी लिहितो. अध्यक्ष किंचित वाकलेले. त्यांच्या उजव्या अंगाला एक तरुण, त्याच्या डाव्या हातात पिस्तूल. कुणाची तरी टोपी हवेत उडालेली, तिनं तरुणाचा निम्मा चेहरा झाकलेला. मागे गर्दीत डाव्या डोळ्यावर पट्टी बांधलेला एक माणूस, तोंड उघडं. एका तरुणाला जागच्या जागी पकडलं, पिस्तूल त्याच्या पायाशी सापडलं. त्याला जन्मठेप झाली आणि अकराव्या वर्षी तो तुरुंगातच वारला. पण तो होता उजव्या हाताचा. फोटोत पिस्तूल डाव्या हातात आहे. तिथून जी शंका निघाली ती अजून मिटलेली नाही.

पहिल्या चौकशीत न्यायमूर्तींनी मला विचारलं होतं, निगेटिव्ह उलटी तर छापली गेली नाही ना? मी सत्तावीस वर्षांचा होतो. शपथेवर सांगितलं, "नाही. निगेटिव्हची निस्तेज बाजू कागदाकडे, चकचकीत बाजू दिव्याकडे. आमच्याकडे दुसऱ्या पद्धतीनं काम होतच नाही." आता त्या तरुणाच्या बहिणीच्या अर्जावरून दुसरा आयोग नेमलाय. मूळ निगेटिव्ह पहिल्या चौकशीच्या आधीच ऑफिस हलवताना हरवली, फोटोग्राफर परदेशी गेला तो तिकडेच वारला. राहिलो मी. वकीलबाईला माझ्याकडून तेच वाक्य पुन्हा हवंय.

५ फेब्रुवारी

ती दुपार. एकची वेळ. फोटोग्राफर धापा टाकत आला, कॅमेऱ्यातून फिल्म मीच काढली. धुतली. ओलीच उजेडाला धरली आणि तेविसावं चित्र दिसलं. एक चित्र फिल्मच्या पट्टीतून कधी कापून काढायचं नाही असा नियम, पण वाळवायला वेळ कुठला? मी कात्री घेतली आणि तेवढंच कापून घेतलं. संध्याकाळच्या आवृत्तीचं पहिलं पान अडून राहिलं होतं. मास्तर दर दोन मिनिटांनी दाराशी येऊन ओरडत होते. काय ते आता आठवत नाही, घाई करा असंच काहीतरी.

मास्तर म्हणजे पहिलं पान लावणारे उपसंपादक. त्यांचं एक वेड होतं. पानावरच्या माणसाचं तोंड पानाच्या आत हवं, बाहेर बघणारा माणूस वाचकालाही बाहेर घेऊन जातो म्हणायचे. असा फोटो दिसला की दारातून हाळी द्यायचे, "पाहुणे निघाले!" की आम्ही निगेटिव्ह फिरवून पुन्हा छापायचो. हाताला इतकी सवय की मान वर करावी लागत नसे. एकदा एक मुष्टियोद्धा रातोरात डावखुरा झाला आणि त्याच्या आईनं ऑफिसात फोन केला. एका मंत्र्याचा तीळ या गालावरून त्या गालावर गेला, तो बिचारा काही बोलला नाही. फोटो क्लबात व्याख्यान देताना हे किस्से सांगितले की मंडळी पोट धरून हसतात.

अर्थात हे सगळं सटरफटर फोटोंचं. बातमीच्या फोटोला आम्ही कधी हात लावला नाही. त्या दिवशी तर नाहीच नाही.

९ फेब्रुवारी

जावई आले होते. खुनाबद्दल निघालेली सगळी पुस्तकं त्यांच्याकडे आहेत. जेवताना त्यांचं सुरू झालं, मारेकरी एकूण सहा. मागच्या महिन्यात चार होते. बायको म्हणाली, "जावईबापू, असेच वाढत गेले तर अध्यक्षांना उतरायला जागा उरायची नाही."

चेष्टा बाजूला, पण तिढा आहे हे खरं. डॉक्टरांच्या अहवालात गोळी डाव्या बरगडीतून आत गेली असं आहे, आणि फोटोत मारेकरी उजव्या बाजूला उभा. साक्षीदारांचंही तसंच. आठ जण म्हणाले पिस्तूल उजव्या हातात होतं, पाच म्हणाले डाव्या. त्या पाचांच्या जबान्या पेपरात फोटो आल्यानंतरच्या आहेत, म्हणजे त्यांना विचार करायला जास्त वेळ मिळालेला होता.

आणि तो पट्टीवाला. त्याच्यासारखा जवळचा साक्षीदार दुसरा नव्हता. पोलिसांनी दवाखाने पालथे घातले, डाव्या डोळ्याचे सगळे रोगी तपासले. एक बेकरीतला कामगार आपण होऊन आला, म्हणाला तो मीच. पण कागदपत्रांवरून त्याची शस्त्रक्रिया उजव्या डोळ्याची निघाली, तेव्हा त्याला हाकलून दिलं. अशा प्रकरणात नाव छापून यावं म्हणून वेडेपणा करणारे निघतातच. खरा पट्टीवाला कुणीतरी गायब केला असणार. इतक्या गोष्टी एकमेकींना छेद देतात त्या उगाच नाहीत, यामागे मोठं डोकं आहे असं मला पहिल्यापासून वाटत आलंय.

१४ फेब्रुवारी

आज ती आली. त्या तरुणाची बहीण. वकीलबाईनं पत्ता दिला होता. माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठी असेल. टपाल खात्यात पत्रं वेगळी करायचं काम केलं, आता निवृत्त. हातात कापडी पिशवी, पिशवीत चौतीस वर्षांचे अर्ज आणि त्यांची उत्तरं, तारखेवार. टपालातल्या माणसाचं काम किती नेटकं असतं ते बघून मला फार बरं वाटलं.

बसल्या बसल्या म्हणाली, "भाऊ, एवढ्या वर्षांत सरळ बोललेले तुम्ही एकटे. बाकी सगळ्यांनी आपापल्या सोयीचं सांगितलं. तुमची जबानी मी पाठ केलीय." आणि खरंच तिनं ती म्हणून दाखवली. निस्तेज बाजू कागदाकडे, चकचकीत बाजू दिव्याकडे. मला भरून आलं. माझं वाक्य कुणी असं जपून ठेवलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आई-वडील गेल्यावर भावाला तिनंच वाढवलं. त्याला चिमण्या म्हणायची, चिमणीएवढं खायचा म्हणून. तो पाच वर्षांचा असताना तिनं दार जोरात लोटलं आणि त्याची डाव्या हाताची दोन बोटं फटीत सापडली. ती पुन्हा कधी वळली नाहीत. "माझ्या हातून झालं ते. किती रडले होते मी. आणि बघा, शेवटी तेच त्याच्या बाजूनं उभं राहिलं. त्या हातानं त्याला पेला धरता यायचा नाही, पिस्तूल काय धरणार?"

मग माझ्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "आणि हा तो नाहीच. टोपीआडून जेवढा दिसतो ना, तेवढ्यावरूनही मला कळतं. कान त्याचा नाही. भांगसुद्धा उलटा. न्यायाधीश म्हणाले भांग कुणीही बदलतं. बदलतं हो, पण हे माणूसच परकं वाटतं मला."

बायकोनं चहा आणला. तिनं विचारलं, "तो स्वतः काय म्हणायचा?"

"भेटीला गेले की मी दर वेळी विचारायचे, तू नाहीस ना रे? तो म्हणायचा, ताई, फोटो बघ ना, कुठला हात आहे. अकरा वर्षं हेच म्हणाला."

यापेक्षा स्पष्ट नकार कोणता? ती गेल्यावर मी तसं म्हणालो, तर बायको कपबश्या उचलत म्हणाली, "हं." एवढंच.

१५ फेब्रुवारी

छान झोप लागली. साक्षीला निळा कोट घालावा म्हणतो.

२० फेब्रुवारी

आयोगाच्या कार्यालयात बोलावलं होतं. फोटोग्राफरच्या मुलीला माळ्यावर एक पत्र्याचा डबा सापडला, तो तिनं पाठवून दिलाय. डब्यात त्या दिवसाची उरलेली फिल्म. वकीलबाईला फिल्म कशी धरतात तेही ठाऊक नाही. दोन्ही बाजूंनी बघून म्हणाली, "यात खुनाचं चित्र नाहीच, तेवढंच कापलेलं आहे. तरी तुम्ही एकदा बघून घ्या, म्हणजे ही त्याच कॅमेऱ्यातली असं लिहून घेता येईल."

मी टेबलावरच्या दिव्यासमोर पट्टी धरली, भिंग लावलं. एकवीस, बावीस, आणि मग माझ्याच कात्रीचा तिरका काप. बाविसावं चित्र खुनाच्या क्षणभर आधीचं. टोपी अजून डोक्यावर. अध्यक्षांचा एक पाय मोटारीबाहेर. मागे पट्टीवाला.

फिल्मच्या काठावर कारखान्यातूनच आकडे छापून येतात. ते सरळ वाचता आले की चित्र सरळ, यात अक्कल लागत नाही, शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. मी आकडा वाचला. बावीस. सरळ होता. पट्टी उजव्या डोळ्यावर होती.

अध्यक्षांच्या डाव्या अंगाला तरुण, चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड. त्याचा हात कोटाच्या खिशात गेलेला. उजवा.

"काय म्हणता? त्याच कॅमेऱ्यातली ना?" वकीलबाईनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं कागद पुढे केला, मी सही केली आणि घरी आलो. पायऱ्या कशा उतरलो ते आठवत नाही.

२१ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

२३ फेब्रुवारी

तीन दिवस पळवाटा शोधतोय. फिल्म कॅमेऱ्यात उलटी भरली गेली असेल? तसं झालं तर चित्रच नीट उमटत नाही. खुनी क्षणभरात एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला असेल? गेला असेल एक वेळ, पण मग पट्टीनंही डोळा बदलला का? बेकरीतल्या त्या माणसाचे कागद खरं सांगत होते. डॉक्टर खरं सांगत होते. ते आठ साक्षीदार खरं सांगत होते. या सगळ्यांच्या विरुद्ध एकटा मी उभा होतो, आणि शपथेवर होतो म्हणून सगळ्यांनी माझं ऐकलं.

निगेटिव्ह मी फिरवली. दुसरं कुणीच नव्हतं तिथं. आणि सगळ्यात वाईट हे की मला ते आठवत नाही. खोटं बोललो असतो तर निदान आठवलं असतं. न्यायमूर्तींनी विचारलं त्या दुपारचं, आणि मी सांगितला तो नियम. नियम बरोबर होता. म्हणून माझा आवाज एवढा खणखणीत लागला. पुढे इतक्या व्याख्यानांत तेच सांगत गेलो की आता त्या दुपारच्या जागी माझं व्याख्यानच उरलंय.

मोठं डोकं वगैरे काही नव्हतं. मी होतो.

२७ फेब्रुवारी

वाचनालयात जाऊन जुन्या अंकांचा गठ्ठा काढायला लावला. पहिलं पान पिवळं पडलंय. फोटो पानाच्या डाव्या कडेला लावलाय, चार रकाने रुंद. अध्यक्षांचं तोंड उजवीकडे, म्हणजे पानाच्या आत. फार सुंदर पान आहे. सरळ छापला असता तर ते कडेवरून पानाबाहेर बघत असते, आणि मास्तरांना ते एक क्षणही सहन झालं नसतं. मास्तर जाऊन सात वर्षं झाली. त्यांनी त्या दिवशी हाळी दिली की न देताच माझा हात फिरला, हे आता सांगणारं कुणी नाही.

समोर बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, डोळ्यांत धूळ गेली.

१ मार्च

बायकोला सांगितलं. मला वाटलं ती हादरेल. ती शिवण बाजूला ठेवून म्हणाली, "तुम्ही आठ दिवस जेवताना मीठ मागितलं नाहीत, तेव्हाच समजले काहीतरी मोठं आहे."

मी म्हटलं, अगं, वकीलबाईला काही कळलेलं नाही. तिला फिल्ममधलं ओ की ठो कळत नाही. मी गप्प बसलो तर कुणालाच कळणार नाही. आणि गप्प बसण्यात वाईट तरी काय? अध्यक्ष परत येत नाहीत, तो पोरगा परत येत नाही. एक म्हातारी बाई भावाचं नाव साफ झालं म्हणून सुखानं डोळे मिटेल. तिचं सगळं आयुष्य त्या फोटोवर उभं आहे, ते मी काढून घेऊ? ती मला भाऊ म्हणते.

तिनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "तिच्यावर दया करताय की स्वतःवर, ते आधी ठरवा. दोन्ही एकदम सांगू नका."

मी चिडलो. म्हणालो, तुझं काय जातं, नाव माझं बदनाम होणार, खोटी शपथ घेतली म्हणून. ती म्हणाली, "नाव तुमचं जाईल, हो. मी त्या नावाबरोबर चाळीस वर्षं राहिलेय, मला माहितीय त्यात काय काय आहे. एवढं काही वाईट नाही ते. पण ती बाई उद्या तुम्हाला दुवा देईल ना, तेव्हा तुमचं तोंड कसं होईल ते मला बघवणार नाही."

उठून गॅलरीत गेलो. थोड्या वेळानं तीही आली.

४ मार्च

आयोगापुढे उभं राहण्याआधी तिला सांगायचं, असं ठरवलं. तिनं ते भर सभागृहात सगळ्यांसमोर ऐकावं हे मला पटेना. भिंतीवरचा फोटो काढून कागदात गुंडाळला आणि तिच्या घरी गेलो. एक खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर खोक्यांत लावलेली पत्रं. ती खूश झाली. "भाऊ, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

मी उभ्यानंच सांगून टाकलं. बसलो असतो तर जमलं नसतं. फिल्मचे आकडे, पट्टी, मास्तरांचं वेड, माझा हात. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

"नाही, ताई."

"मग आज असं का बोलताय? तुम्ही शपथेवर सांगितलंत."

"चुकीचं सांगितलं."

ती उठली, दाराकडे बघायला लागली. मला जायला सांगणार हे उघड होतं. तिच्या कपाटाला मोठा आरसा होता. मी कागद सोडला आणि फोटो आरशासमोर धरला. म्हटलं, "इथं बघा. फोटोत नको, आरशात बघा. खरा असा होता."

ती चष्मा चढवून जवळ आली. आरशात आम्ही दोघं होतो आणि मध्ये तो फोटो. पिस्तूल उजव्या हातात आलं होतं, पण ती तिकडे बघत नव्हती. ती टोपीआडून दिसणाऱ्या त्या निम्म्या चेहऱ्याकडे बघत होती. तिचा हात वर गेला आणि आरशावर, बरोबर भांगाच्या जागी, टेकला.

"चिमण्या," ती म्हणाली.

माझे हात भरून आले तरी फोटो खाली घ्यायचा धीर झाला नाही. शेवटी ती पलंगावर बसली. म्हणाली, "तो कधी नाही म्हणालाच नाही हो. फोटो बघ म्हणायचा. मला वाटायचं तो सांगतोय. तो मला सांभाळत होता."

मी म्हटलं, ताई, मला माफ करा. तिनं मान हलवली, पण ती हो होती की नाही, मला कळलं नाही. दारापर्यंत सोडायला आली नाही.

१२ मार्च

साक्ष झाली. निळा कोट घातला नाही. वकीलबाई पांढरीफटक पडली. अध्यक्षस्थानी बसलेल्या न्यायमूर्तींनी तीन वेळा विचारलं, नक्की ना? मी फिल्म दिव्यासमोर धरून त्यांना आकडे वाचायला लावले. विरुद्ध बाजूचे वकील म्हणाले, चौतीस वर्षांपूर्वी खोटं बोललात की आज? मी म्हणालो, तेव्हा मी खात्रीनं बोललो आणि आज बघून बोलतोय. सभागृहात कुणीतरी हसलं.

ती पहिल्या रांगेत होती. माझ्यानंतर तिला बोलावलं. फोटो फिरवून पडद्यावर मोठा केला होता. विचारलं, यातल्या तरुणाला ओळखता? गेल्या चौकशीत याच प्रश्नाला तिनं नाही म्हटलं होतं, ते मी कागदपत्रांत वाचलंय. तिनं पदर सारखा केला. "हो. माझा धाकटा भाऊ." मग न विचारता पुढे म्हणाली, "पण पिस्तूल घ्यायची त्याची ऐपत नव्हती. ते त्याच्या हातात कुणी दिलं, ते या फोटोत नाही. आता तरी ते शोधा. मी इतकी वर्षं तुम्हाला नको ते शोधायला लावलं." कुणी काही लिहून घेत होतं का, ते मला दिसलं नाही.

वकीलबाईनं बाहेर गाठून सांगितलं, बेकरीतला तो माणूस नऊ वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको म्हणाली, शेवटपर्यंत म्हणायचा मीच तो फोटोतला, आणि पोरं त्याला हसायची. वकीलबाई त्या घरी पत्र पाठवणार आहे. मी म्हटलं, मलाही पत्ता द्या.

जावयांचा फोन आला होता. मला कुणीतरी फोडलंय असं त्यांच्या मंडळींचं मत पडलंय. बायकोनं फोनवर विचारलं, "आता कितवा मारेकरी म्हणून धरणार ह्यांना? सातवा?"

पेपरात माझा फोटो आलाय, जुना. मान खाली घातलेला. काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, तिनं वाचलं आणि दोन चुका काढल्या.

१९ मार्च

सकाळी ती दारात उभी. पिशवी नव्हती. म्हणाली, "भाऊ, त्या वयाचा त्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही. पोलिसांनी घराची झडती घेतली तेव्हा सगळे नेले. हा एक आहे तो तुमच्याकडे. नीट छापून द्याल?"

दुपारी तिला फोटो क्लबच्या डार्करूममध्ये घेऊन गेलो. मूळ निगेटिव्ह नाही, म्हणून माझ्या जुन्या छापील फोटोचाच फोटो काढून नवी निगेटिव्ह केली होती. ती यंत्रात घालताना हात थांबला. फोटो सरळ यायचा तर ती उलटी घालायला हवी होती. मी तीनदा तपासलं. तिलाही दाखवलं. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं," पण वाकून बघितलं.

कागदावर उजेड पाडला आणि कागद रसायनाच्या तसराळ्यात सोडला. लाल दिव्यात ती माझ्या शेजारी उभी राहिली. अगोदर काहीच नसतं. मग जे जे काळं आहे ते उमटायला लागतं. त्याचे केस आले. भुवई आली, कान आला, डोळा आला. पिस्तूल चकचकीत होतं आणि त्यावर ऊन पडलेलं होतं, म्हणून ते आणि तो हात सगळ्यात शेवटी येणार होते. तिथं अजून कोरा कागद होता.

तिनं माझी बाही धरली. "इथंच थांबवता येतं?"

मी म्हटलं, "येतं. फिकट राहील, पण राहील."

तिनं बाही सोडली नाही. पाण्यात तो नुसता एक पोरगा होता, बाविशीचा, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. मी चिमटा उचलून तयार धरला.

"नको," ती म्हणाली. "पुरता होऊ द्या."

मी चिमटा खाली ठेवला. हात येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.